कोकणातल्या घरी ओल्ड फॅशन्ड कसे बनवावे आणि त्याच्या जोडीला कोणता सिगार घ्यावा?

गुहागरच्या घरी ओल्ड फॅशन्ड, म्हणजे व्हिस्कीचे जुने कॉकटेल, बनवायचे आहे आणि त्यासोबत गडद, दमदार सिगार चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर पेय थोडे कडक आणि सिगार सौम्य असावा, कारण इथल्या उकाड्यात बर्फ भराभर वितळतो आणि दमट हवेत सिगार धड जळत नाही.

1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची जी व्याख्या छापली, तिच्यात मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (कडू वनस्पतींचा अर्क) एवढेच होते. ओल्ड फॅशन्ड आजही त्याच चौकटीत बसते. त्यासाठी लागणाऱ्या बर्बनमध्ये, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीत, किमान 51 टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरवावी लागते. व्हॅनिला आणि कॅरमेलचा जो वास येतो, तो मुख्यतः त्या लाकडाचा. 40 टक्के मद्यार्काऐवजी 45 ते 50 टक्क्यांची बाटली मिळाली तर तीच घ्यावी, म्हणजे बर्फाचे पाणी मिसळले तरी चव टिकते.

जाड बुडाच्या ग्लासात साखरेची एक वडी ठेवून तिच्यावर अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे आणि चमचाभर पाणी घालावे. मद्यात साखर सहजी विरघळत नाही, म्हणून ती आधीच नीट घोटावी. मग 60 मिली बर्बन आणि वाटीत जमवलेला बर्फाचा एकच मोठा गोळा घालून अर्धा मिनिट ढवळावे. शेवटी संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग काढून ती ग्लासावर अशी दुमडावी की तेलाचे बारीक तुषार पेयावर पडतील. साखरेऐवजी गूळ घालण्याची हौस बऱ्याच जणांना असते. मला ती पटत नाही, कारण गुळाचा खारटसर वास ओकच्या वासावर कुरघोडी करतो.

सिगारसाठी कनेक्टिकट पानाचे फिकट वेष्टन असलेला, साधारण पाच इंची रोबुस्टो, म्हणजे आखूड आणि जाड सिगार, निवडावा. त्याचा मलईदार, किंचित सुक्या मेव्यासारखा स्वाद बर्बनच्या गोडीशी जुळतो; काळपट वेष्टनाचा मादुरो या पेयाबरोबर मला जड वाटतो. खरी पंचाईत साठवणीची आहे. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्याकडची हवा त्याच्या कितीतरी पुढे जाते. मग पान फुगून उकलते, बुरशी धरते आणि उष्ण हवेत तंबाखूतल्या किड्यांची अंडीही उबतात. म्हणून हवाबंद डब्यात 65 टक्क्यांची आर्द्रता-नियंत्रक पाकिटे घालून तो घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा आणि पावसाळ्यापुरते चार सिगारच आणावेत.

खाऱ्या वाऱ्यात सिगार एकाच अंगाने जळत जातो, तेव्हा अंगणाऐवजी पडवीच्या आडोशाला बसावे. मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा आणि धूर छातीत ओढू नये. आधी तळलेली सुरमई झाली असेल तर मसाल्यापुढे दोन्ही फिके पडतात. भाजलेले काजू मात्र खुशाल घ्यावेत. पेय अर्ध्या तासात संपते आणि सिगार तासभर चालतो. त्याचा शेवटचा भाग तिखट होत जातो, म्हणून दुसरा ग्लास न भरता तेव्हा साधे पाणी घ्यावे.