प्रश्न आपले, उत्तरे आमची : डिस्पॅचरचा पोशाख

विमान कंपन्यांत काम करणाऱ्या कोकणातल्या तरुणांची संख्या वाढली तशी या सदराकडे येणारी पत्रेही बदलली. या वेळी तीन पत्रांचा विषय जवळजवळ एकच, म्हणजे डिस्पॅचरने काय घालावे हा, असल्याने ती एकत्र घेतली आहेत. डिस्पॅचर म्हणजे विमानाचा मार्ग, इंधन आणि वजन यांची आखणी जमिनीवरून करणारा कर्मचारी.

प्रश्न : मी एका विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात डिस्पॅचर आहे. पहाटे पाचच्या ड्यूटीसाठी मला पेणहून साडेतीनला निघावे लागते. गेल्या महिन्यात मनुष्यबळ विभागाचे परिपत्रक आले. त्यानुसार कक्षातील सर्वांनी पांढरा शर्ट, काळी पँट, ब्लेझर आणि चामड्याचे बंद काळे बूट घालायचे आहेत. शाल, स्वेटर व सँडल यांना मनाई आहे. आमच्या खोलीत प्रवासी कधीच येत नाही. पावसाळ्यात गाडीपर्यंत पोचतानाच बूट भिजतात आणि मग ओल्या मोज्यांत आठ तास काढावे लागतात. हा नियम पाळणे बंधनकारक आहे का? – एक वाचक, पेण

उत्तर : मीही अशाच एका कक्षात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे ओल्या मोज्यांचे दुःख मला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही आपल्या पत्रातल्या दोन तक्रारींपैकी बुटांची तक्रार मी दुय्यम मानतो आणि शालीची मुख्य. असे का, ते पुढे सांगतो.

डिस्पॅचरने काय घालावे हे कायदा ठरवत नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय डिस्पॅचरचे प्रशिक्षण आणि मान्यता यांचे नियम करते. अमेरिकेत या पेशाला १९३८च्या कायद्याने अधिकृत स्थान मिळाले. तेथे परवान्यासाठी वयाची २३ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि सर्वसाधारणपणे सलग १० तासांहून अधिक ड्यूटी लावता येत नाही, इतक्या तपशिलात नियम जातात. पण शर्टाच्या रंगाबद्दल त्यांत अवाक्षर नाही. आपल्या हाती आलेले परिपत्रक हा कंपनीचा अंतर्गत नियम आहे. नोकरीत आहोत तोवर तो पाळावा लागेल, परंतु कारण दाखवून तो बदलून मागण्याला कोणतीही आडकाठी नाही.

ब्लेझर आणि टाय विमानसेवेत आले ते समुद्रावरून. १९३०च्या दशकात पॅन अमेरिकन कंपनीने पाण्यावर उतरणाऱ्या आपल्या विमानांच्या वैमानिकांना नौदलाच्या अधिकाऱ्यांसारखा पोशाख दिला, तो प्रवाशाला आगबोटीच्या कप्तानाबद्दल वाटणारा भरवसा आकाशातही वाटावा म्हणून. म्हणजे तो पोशाख मुळात पाहणाऱ्यासाठी होता, आणि डिस्पॅचरला पाहतात ते समोरचे संगणकाचे चार पडदे. राज्य शासनाने डिसेंबर २०२०मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर वापरू नका, शुक्रवारी खादी घाला असे सांगितले, तेव्हा लोकांच्या मनातील शासनाची प्रतिमा हे कारण पुढे केले होते. ते पटो वा न पटो, तेथे निदान खिडकीपलीकडे लोक उभे असतात. आपल्या खोलीला खिडकीच नाही.

आता शालीविषयी. नियंत्रण कक्ष यंत्रांच्या सोयीने थंड ठेवलेला असतो, आणि पहाटे चारच्या सुमारास माणसाचे शरीर मुळातच गारठलेले असते. जुलैतली एखादी पहाट डोळ्यांसमोर आणा. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला जाणाऱ्या विमानाचा फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा आराखडा, आपल्यासमोर आहे, २५०० मीटरची धावपट्टी ओली आहे, ढग खाली आले आहेत. तेथे उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ म्हणून गोव्यातले मोपा किंवा दाबोळी चटकन सुचतात. पण किनाऱ्यावर जोराची सर आली की ती तिन्ही ठिकाणी एकदमच कोसळू शकते. मग पर्याय लांबचा निवडावा लागतो, तेथवरचे इंधन आणि त्यावर राखीव म्हणून ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके इंधन धरावे लागते, आणि इंधन वाढले की कधी कधी सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. हे सारे आकडे आपण बोटांनी टंकित करता. बोटे बधिर झालेल्या माणसाला ब्लेझर पुरत नाही. शिवाय त्याच्या घट्ट बाह्या कोपरात अडतात, हे तो घालून कळफलकावर बसलेल्या कोणालाही विचारावे. म्हणून अर्जात सुरुवात थंडीपासून करा, आणि सोयीचे नव्हे तर चुकीच्या शक्यतेचे कारण द्या. कंपनीच्याच रंगाचा साधा, बिनटोपीचा स्वेटर चालेल असे आपणच सुचवा. नियम करणाऱ्याला माघार घेण्यापेक्षा दुरुस्ती मान्य करणे सोपे जाते.

बुटांचा मार्ग सोपा आहे. पावसाळी चपला घालून दारापर्यंत यावे आणि कोरडे बूट व मोजे लॉकरमध्ये ठेवावेत. लॉकर नसेल तर तो मागावा. ही मागणी सहसा कोणी नाकारत नाही. अर्ज मनुष्यबळ विभागाकडे धाडण्याआधी आपल्या ड्यूटी मॅनेजरना दाखवा, कारण त्या खोलीत थंडी वाजणाऱ्यांत तेही आहेत.

एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने. प्रवासी येत नसला तरी वैमानिक येतात, तपासणीचे अधिकारी येतात. घोषवाक्याचा टी-शर्ट आणि अर्धी चड्डी यांची बाजू मी घेणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा डिस्पॅचरचे प्रशिक्षण पूर्ण करीत आहे. मुलाखतीला सूट शिवावा का? तसेच डिस्पॅचरला कॉकपिटमध्ये बसून प्रवास करावा लागतो असे तो म्हणतो. त्यासाठी वेगळे कपडे लागतात का? – एक पालक, रत्नागिरी

उत्तर : सूट शिवू नका. इस्त्रीचा फिकट शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बूट एवढे पुरे. टाय बांधता येत असेल तर बांधावा. आदल्या रात्री शिकून बांधलेला टाय मुलाखतभर गळ्याशी हात न्यायला लावतो. उरलेले पैसे चांगल्या बुटांवर खर्च करा, ते पुढेही उपयोगी पडतील.

कॉकपिटबद्दल आपला मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. वैमानिकांच्या मागे एक घडीची जादा बैठक असते, तिला जंप सीट म्हणतात. जमिनीवर बसून आपण आखलेला मार्ग वर प्रत्यक्षात कसा पार पडतो हे डिस्पॅचरने पाहावे अशी अपेक्षा असते; अमेरिकेतील नियमानुसार तर १२ महिन्यांत किमान ५ तास असे निरीक्षण करावेच लागते. येथे मात्र पोशाखाचा नियम कडक असतो आणि तो रास्त आहे. प्रवाशांच्या डोळ्यांसमोर कॉकपिटच्या दारातून आत जाणारा माणूस जीन्समध्ये आणि बिनओळखपत्राचा असेल, तर पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या पोटात गोळा येणारच. कपडे शक्यतो सुती असावेत, कारण आगीत कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. बूट बंद असावेत आणि ओळखपत्र छातीवर दिसेल असे लावावे.

प्रश्न : माझी सून विमानतळावर डिस्पॅच विभागात आहे. वैशाखात लग्न झाले. कामाच्या ठिकाणी हिरवा चुडा काढायला सांगितला आहे. आमच्याकडे सव्वा महिना तरी चुडा हातात असावा लागतो. मंगळसूत्रालाही हरकत घेतील अशी भीती वाटते. हा आमच्या रीतीचा अपमान नाही का? – एक सासूबाई, गुहागर

उत्तर : आपली सून कोठे उभी राहून काम करते यावर उत्तर अवलंबून आहे, आणि आपल्या पत्रात ते आलेले नाही. ती कक्षात टेबलाशी बसत असेल तर चुड्याला हरकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. कळफलकावर बांगड्यांचा आवाज होतो, एवढीच काय ती शेजाऱ्याची कुरबुर. पण विमानातल्या वजनाच्या हिशेबाचे कागद घेऊन तिला विमानाजवळ, म्हणजे एप्रनवर, जावे लागत असेल तर कंपनीचे म्हणणे योग्य आहे आणि त्यात रीतीचा प्रश्न नाही.

एप्रनवर पडलेली कोणतीही वस्तू, मग तो स्क्रू असो, पिन असो वा काचेचा तुकडा, इंजिनात ओढली जाऊ शकते किंवा टायरखाली येऊ शकते. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळून ११३ माणसे गेली, तेव्हा सुरुवात आधीच्या विमानातून धावपट्टीवर गळून पडलेल्या हातभर लांबीच्या धातूच्या पट्टीने झाली होती; तिने टायर फाडला. बांगडीची काच तेवढी मोठी नसते हे खरे, परंतु सामानाच्या पेटीवर हात आपटून ती फुटली तर पहिली जखम सुनेच्याच मनगटाला होईल. तेथे ओढणीही मोकळी सोडता येत नाही आणि डोक्यावर सैल टोपीही चालत नाही. मंगळसूत्र शर्टाच्या आत, जाकिटाखाली राहिले तर सहसा कोणी बोलत नाही. लांब असेल तर या दिवसांपुरते आखूड वापरावे.

यातून एक वाट निघते. सव्वा महिन्यापुरती एप्रनवरची ड्यूटी बदलून कक्षातली द्यावी, अशी विनंती सुनेने लेखी करावी. ती आपण किंवा चिरंजीवांनी नव्हे, तिने स्वतःच्या सहीने करावी. एवढ्या थोड्या दिवसांची अदलाबदल सहकाऱ्यांत सहज जमते, आणि बदल्यात गणपतीत एखाद्याची रात्रपाळी करण्याची तयारी दाखवली तर अधिकच सहज. तेही न जमल्यास चुडा घरी, आपल्या हातांनी, चांगला दिवस पाहून वाढवावा. एप्रनच्या दाराशी सुरक्षारक्षकासमोर घाईघाईने तो उतरवण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नये.