विनोदी फँटसी डिटेक्टिव्ह कादंबरी ऑडिओबुकवर ऐकण्यात मजा येते का?

हो, खूप येते, बिनधास्त ऐका! टेरी प्रॅचेटच्या 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) पासून सुरुवात करा, शहरात कोणीतरी चोरून ड्रॅगन बोलावतंय आणि पहारेकऱ्यांचा कॅप्टन त्याचा माग काढतोय. मला तळटीपांची धाकधूक होती कारण अर्धी गंमत त्यातच असते, पण नव्या रेकॉर्डिंगमध्ये गोष्ट जॉन कल्शॉ वाचतो आणि तळटीपा अभिनेता बिल नाय (Bill Nighy) वाचतो, म्हणजे आवाज बदलला की लगेच कळतं, कोणीतरी हळूच कानाशी येऊन सांगून गेल्यासारखं. फक्त स्पीड वाढवू नका हां, विनोदाच्या आधी तो जो क्षणभर थांबतो ना, तोच नेमका खाल्ला जातो. आणि हसण्याच्या नादात एखादा धागा निसटला तर सरळ तीस सेकंद मागे जायचं.