'सिंगल फॅमिली': कुटुंब की बिऱ्हाड?

प्रश्न अमेरिकेत शिकणाऱ्या एका मुलीच्या आईचा आहे. मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून एक घर भाड्याने घेणार होत्या. मालकाने कळवलं की हा 'सिंगल फॅमिली झोन' आहे, इथे 'अनरिलेटेड' माणसं तीनच चालतात. आजीआजोबांना हे मराठीत सांगताना 'एक-कुटुंब विभाग' आणि 'असंबंधित व्यक्ती' म्हणावं का?

'असंबंधित' आधी खोडा. असंबंधित असते ती बडबड, माणसं नव्हेत. 'परकी' म्हटलं तर मैत्रिणी रुसतील. 'नात्याबाहेरची' पुरे. झोनला झोनच म्हणा. जमीन यलो झोनमध्ये की ग्रीन, हे आपल्याकडेही सगळे तसंच विचारतात.

खरी मेख 'फॅमिली'त आहे. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका घरात जवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे सहा विद्यार्थी राहत होते. गावाच्या नियमात फॅमिलीची व्याख्या अशी: रक्ताने, दत्तकाने किंवा लग्नाने जोडलेली, एकत्र राहणारी आणि एकत्र रांधून खाणारी माणसं, मग ती कितीही असोत. नातं नसेल, तर एकत्र रांधणारी असली तरी दोनच. घरातले नोकर मोजायचे नाहीत, हेही त्यात लिहिलेलं! 1974 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला.

म्हणजे एकाच शब्दात दोन वेगळी मापं कोंबली आहेत, नातं आणि चूल. मराठीत ती मापं वेगवेगळ्या शब्दांत राहतात. नात्याचं ते कुटुंब, चुलीचं ते बिऱ्हाड. 'वाड्यात आठ बिऱ्हाडं होती' म्हणताना कोण कोणाचं कोण, हे आपण विचारत नाही. आठ ठिकाणी चूल पेटत होती, एवढंच कळतं. नोकरीसाठी शहरात आलेल्या चार तरुणांचंही बिऱ्हाड असतं. त्यांना 'कुटुंब' म्हटलं तर तेच हसतील, कारण जुन्या बोलीत 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको. त्या हिशेबाने 'एक-कुटुंब घर' ऐकून एखादे आजोबा गालात हसले तर नवल नाही.

नुसतं नात्याचं माप घेतलं तरी भांडण सुटत नाही, कारण नातं कुठवर धरायचं? ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलँडमध्ये इनेझ मूर या आजीबाई मुलगा आणि दोन नातवंडांसह राहत होत्या. नातवंडं दोन वेगळ्या मुलांची, म्हणजे एकमेकांचे चुलतभाऊ. त्यातल्या एकाची आई वारल्यावर तो आजीकडे आला होता. शहराच्या व्याख्येत हे बसेना, म्हणून आजीला पाच दिवसांची कैद आणि 25 डॉलर दंड. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. मराठीत खटल्याचं घर म्हणजे माणसांनी भरलेलं मोठं घर. इथे घराचाच खटला झाला. (मोह होईल, पण 'चुलत'चा चुलीशी संबंध नाही; चुलता हा संस्कृत 'क्षुल्लतात'वरून आला, म्हणजे धाकटा बाप.)

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1980 मध्ये बिऱ्हाडाच्या बाजूने कौल दिला. सँटा बार्बरात दहा शयनगृहांच्या घरात नात्याबाहेरचे बारा प्रौढ राहत होते आणि शहराची मर्यादा पाचांची होती. न्यायालयाने ती रद्द केली. आयोवाने 2017 मध्ये, ओरेगनने 2021 मध्ये आणि कोलोरॅडोने 2024 मध्ये कायदा करूनच अशा नात्यावर बेतलेल्या मर्यादांना आळा घातला.

तेव्हा माझं मत असं, की नियम नातं मोजत असेल तिथे 'कुटुंब' लिहा आणि एकत्र राहणं-जेवणं मोजत असेल तिथे 'बिऱ्हाड'. एक अडचण आहे. बिऱ्हाडाला भाड्याचा, तात्पुरतेपणाचा वास येतो. स्वतःच्या बंगल्यात राहणारा मालक स्वतःला बिऱ्हाड म्हणवून घेणार नाही. त्याच्यासाठी 'एका चुलीचं घर' म्हणता येईल, जरी चूल आता कुठे दिसत नसली तरी.

तुमचा निरोप मात्र सरळ लिहा: 'तिथे एका घरात एकाच कुटुंबाने राहायचं, नात्याबाहेरची माणसं असतील तर तिघंच. आमच्या मुली चार आहेत, म्हणून दुसरं घर बघतोय.'