उताराला आडवी पेरणी केल्याने माती-खत वाहून जाणं खरंच थांबतं का, आणि हे शेतात मोजतात कसं?

पूर्ण थांबत नाही भाऊ, पण भरपूर कमी होतं. आणि हे ऐकीव नाही, यवतमाळकडच्या काळ्या जमिनीत एका प्रकल्पावर सॅम्पल घ्यायचं काम मी स्वतः केलंय.

सारख्या उताराचे, सारख्या मातीचे पट्टे पाडतात, भोवती पत्रे ठोकतात म्हणजे शेजारचं पाणी आत येत नाही. एकात उताराच्या दिशेने तास (पेरणीच्या ओळी), दुसऱ्यात आडवे, तिसऱ्यात बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी. लांबी बऱ्याच ठिकाणी २२ मीटरच्या आसपास, कारण अमेरिकेतल्या धूप मोजायच्या सूत्रात २२.१३ मीटरचा पट्टा धरलाय. खालच्या टोकाला टाकी, आणि सगळं पाणी तिच्यात मावत नाही म्हणून आधी खाचांची पेटी, एकाच खाचेचं पाणी टाकीत घ्यायचं आणि मग खाचांच्या संख्येने गुणायचं.

खरी गोम टाकीपाशी आहे. गाळ बघता बघता तळाला बसतो, म्हणून काठीने तळापासून ढवळत राहायचं आणि ढवळतानाच बाटली भरायची, वरवरचं निवळ पाणी घेतलं की सगळा आकडा खोटा. मग गाळ १०५ डिग्रीला वाळवून वजन करायचा. विरघळलेल्या खतासाठी वेगळी बाटली, गाळून बर्फात ठेवायची. कारण युरियाचं नायट्रेट पाण्यात विरघळून निघून जातं, पण डीएपी खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या बारीक कणांना चिकटून जातं, आणि पाणी आधी तेच बारीक कण नि सेंद्रिय पदार्थ उचलतं. म्हणजे गेलेला गाळ मागे राहिलेल्या मातीपेक्षा कसदार असतो, मला तरी सगळ्यात वाईट हेच वाटतं.

आपल्या काळ्या जमिनीचं अजून एक आहे. जूनचा पहिला पाऊस भेगा पिऊन टाकतात, पण माती फुगून भेगा बुजल्या की पाणी जिरतच नाही, वरून पळतं, आणि नेमकी तेव्हाच पऱ्हाटी (कपाशी) वीतभर, जमीन उघडी, डीएपी नुकतंच पडलेलं. वर्षभरातली बरीचशी माती दोन-चार जोरदार पावसातच जाते, त्या रात्रीचं सॅम्पल हुकलं तर तो हंगाम गेला समजा. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर कोणी निष्कर्ष सांगितला तर मी तरी मानत नाही.

इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने हैदराबादजवळच्या पाटणचेरूला काळ्या जमिनीवर १९७६ पासून माती किती जाते ते मोजलंय. खरिपात पडीक ठेवायच्या जुन्या पद्धतीत वर्षाला हेक्टरी सहा टनांच्या वर माती गेली, बीबीएफवर पिकं घेतली तिथे दीड टनाच्या आसपास. डोळ्याला हे दिसत नाही, एक मिलिमीटरचा थर गेला तरी हेक्टरी १२-१३ टन होतात.

एक सांभाळा, आडवे तास अगदी सपाट नको. मोठ्या पावसात एक तास फुटला की खालचे सगळे फुटतात आणि घळ पडते. किंचित ढाळ देऊन पाणी गवताच्या चरीतून काढा. खत फेकू नका, पेरूनच द्या, वर पडलेलं स्फुरद मातीला चिकटायच्या आधीच पाण्यात विरघळून जातं आणि ते आडव्या तासांनीही पूर्ण अडत नाही. बीबीएफ यंत्र नसलं तर डवऱ्याला (बैलाच्या कोळप्याला) दोरी बांधून सऱ्या पाडा, तेवढ्यानेही पाणी अडतं.

तुम्हालाही बघता येईल. जोरदार पाऊस चालू असतानाच तुमच्या आणि शेजारच्या वावरातून जिथे पाणी बाहेर पडतं तिथली एकेक बाटली भरा, रात्रभर ठेवा, सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजा.