डोळ्यांनी नका लावू, आकडा टाका (प्रश्नोत्तरे)

सण आला, लग्नसराई आली की मेसेज सुरू होतात, फाइल फोटोशॉपची असो नाहीतर गिम्पची (दोन्ही संगणकावर चित्रं करायची सॉफ्टवेअर), रड एकच: "सगळं सरळ लावलं तरी वाकडं का दिसतंय?" म्हणून यावेळी साचलेले सगळे प्रश्न एकदाच घेतो.

प्रश्न: चौकोन काढायला गेलं की आयत होतो, गोल काढायला गेलं की अंडं होतं.

ड्रॅग करताना शिफ्ट दाबून ठेवा.

प्रश्न: गिम्पमध्ये ब्रशने सरळ रेघ कशी मारायची?

एका टोकाला क्लिक, मग शिफ्ट धरून दुसऱ्या टोकाला क्लिक. कंट्रोलपण धरलं तर रेघ 15-15 अंशांच्या टप्प्यातच फिरते. आडवी रेघ हात न थरथरता मारायचा सराव करतोय असं एकाने लिहिलंय, कशाला बाबा.

प्रश्न: 1000 पिक्सेल रुंदीत तीन सारखे चौकोन बसवायचेत, शेवटचा नेहमी एखादा पिक्सेल बाहेर जातो.

1000 ला 3 ने भाग जात नाही, त्यात सॉफ्टवेअरचा काय दोष? मधे 20-20 च्या दोन फटी सोडा, उरले 960, म्हणजे 320 चा एक. डाव्या कडा 0, 340 आणि 680 वर. हे आकडे पोझिशनच्या खान्यात टाइप करा, माउसने ढकलू नका.

प्रश्न: 1 पिक्सेलची रेघ बरोब्बर मध्यावर ठेवली तर धुरकट राखाडी दिसते. मित्र म्हणतो 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके) कर, सुटेल.

मित्राला चहा पाजा पण ऐकू नका. रिसॅम्पल न करता, म्हणजे पिक्सेल नव्याने न बनवता, 72 चे 300 केले तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त कागदावरचं माप बदलतं. तुमचं चित्र 800 रुंद आहे, त्याचा मध्य 400 आणि 401 व्या पिक्सेलच्या मधल्या सीमेवर येतो, तिथे 1 पिक्सेल बसणार कसा, तो दोन्हीकडे अर्धा-अर्धा सांडतो. रेघ 2 पिक्सेलची करा नाहीतर चित्र 801 करा. आणि सेव्ह पीएनजीत, जेपीजीत कडांभोवती कचरा येतो.

प्रश्न: शाळेच्या फलकासाठी अशोकचक्र काढतेय. पहिले आरे छान येतात, विसाव्यापर्यंत सगळं पुसट आणि तिरकं. झूम करून, डोळ्यांनी जुळवून दोन संध्याकाळी गेल्या.

ताई, दोन संध्याकाळी वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण ही चूक मी वर्गात दरवर्षी बघतो. आरे 24, म्हणजे दर 15 अंशाला एक. तुम्ही एक आरा काढला, कॉपी फिरवली, मग त्या फिरवलेल्या कॉपीची कॉपी पुन्हा फिरवली, असंच ना? पिक्सेलचं चित्र प्रत्येक तिरक्या फिरवणीत नव्याने मोजलं जातं आणि थोडं झिजतं, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. म्हणून कॉपी नेहमी मूळ आऱ्याचीच घ्यायची, एक 15 ने फिरवायची, पुढची 30 ने, असं 75 पर्यंत. मूळ धरून सहा झाले. ते एकत्र करून 90, 180, 270 ने फिरवा, 90 च्या पटीत पिक्सेल नुसते जागा बदलतात, झिजत नाहीत. पण लेयर (चित्राचा थर) पूर्ण चौरस हवा, समजा 600 बाय 600, फिरवायचा केंद्रबिंदू 300, 300 टाइप केलेला, आणि आऱ्याची जाडी सम, म्हणजे 4 घेतली तर 298 ते 302. विषम घेतली की वरचीच धुरकट भानगड. फोटोशॉपमध्ये शेप लेयरवर (तिथे आकार पिक्सेलने नाही, रेषांच्या गणिताने साठवला जातो) काढत असाल तर ही झीजच नाही, एकदा 15 ने फिरवा आणि कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-टी दाबत राहा. चक्राबरोबर पूर्ण झेंडा काढणार असाल तर तो 3:2, म्हणजे 900 बाय 600 मध्ये प्रत्येक पट्टा 200. त्यावर शाळेचं नाव वगैरे टाकू नका, ध्वजसंहितेत झेंड्यावर अक्षरांना मनाई आहे. आणि फलक छापण्याआधी मुख्याध्यापकांना एक छोटी प्रिंट दाखवून घ्या.

प्रश्न: गोलात प्ले बटणाचा त्रिकोण सेंटर केला तरी डावीकडे सरकल्यासारखा वाटतो.

अलाइन टूल त्रिकोणाभोवतीच्या चौकटीचा मध्य धरतं, त्रिकोणाचं वजन मात्र पायाकडे असतं. समभुज असेल तर उंचीच्या एक षष्ठांशाने टोकाकडे सरकवा. 200 बाजू, उंची 173, म्हणजे साधारण 29 पिक्सेल. इथेही आकडाच!

प्रश्न: "परफेक्ट अलाइनमेंट" पॅक ऑफरमध्ये आहे, आजच संपते. घेऊ?

नको. गाइड, ग्रिड, स्नॅप सगळं आत फुकट दिलेलं आहे. ऑफर उद्याही असेल.

प्रश्न: स्टिकर कटिंगला पीएनजी दिली, कोपरे गोल आले. आज रात्रीच हवंय.

कटरला पिक्सेल कळत नाहीत, त्याला रेषेचा मार्ग लागतो. पीएनजी ट्रेस केली, म्हणजे सॉफ्टवेअरने तिच्यावरून अंदाजाने रेषा काढल्या, की कोपरे असेच मऊ होतात. आकार इंकस्केप किंवा कोरल अशा रेषांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काढा. पण कुठला फॉरमॅट, किती वर्जन जुना, हे मशीनप्रमाणे बदलतं, मी इथून सांगून उपयोग नाही. ऑपरेटरला फोन करा, आणि आठवडाभर आधी का केला नाहीत ते तो विचारेलच.