१४ फुटी शिडाच्या होडीला विजेवरची किती ताकदीची मोटर बसवावी?

दोन माणसं आणि सामान धरून तुमची होडी साधारण २५० किलो भरते, आणि ती तुम्ही बामणोलीला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात उतरवणार आहात. ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे होडी ढकलण्याच्या जोराची), १२ व्होल्टची मोटर घ्या. शांत पाण्यात ३० पौंडही पुरेल, पण दुपारी खोऱ्यातून समोरचा वारा सुटला की उंच डोलकाठीच वारा धरते आणि होडी जागची हलत नाही. तेव्हा ही जास्तीची ताकद लागते.

मोटरपेक्षा बॅटरीवर पैसे घाला, हे मी कळकळीनं सांगतो. ही मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर खेचते. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मग जेमतेम दोन तास चालते. वेग निम्म्यावर आणला की तीच कितीतरी जास्त वेळ पुरते, कारण वेग थोडा वाढवायलाही वीज भरमसाठ लागते. इन्व्हर्टरची लेड-अॅसिड बॅटरी नको. ती २५-३० किलोची, शिवाय तिच्यातली निम्मीच वीज वापरायची. लिथियम १२ किलोच्या आसपास.

मोटरच्या दांड्याची लांबी किती हवी ते दुकानात जायच्या आधी मोजा. माणसं बसलेली असताना होडीची मागची फळी पाण्यापासून किती वर राहते ते बघा. पंखा पूर्ण बुडायला हवा. दोघं पुढं सरकले आणि पंखा उघडा पडून नुसता फेस काढायला लागला, तर दांडा आखूड आहे.

बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज हवाच. शीड भरलं की मोटर वर उचला. आणि वल्ही घरी ठेवू नका.