यादीत नसलेलं निमित्त

"मॅडम, एकदाच काय ते सांगून टाका. ह्याला दमा माझ्यामुळे झाला का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. दमा असलेल्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न बहुतेकींच्या पोटात असतो, पण ओठांवर यायला दोन-तीन भेटी जातात. हिने पहिल्याच मिनिटाला विचारला. नऊ वर्षांचा मुलगा शेजारी पाय हलवत बसला होता. बालरोगतज्ज्ञांनी पाठवलं होतं ते मुलासाठी नव्हे, आईसाठी. दीड वर्षापूर्वी निदान झालं, तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

तिने पिशवीतून एक वही काढली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "बंद", आणि खाली एकेक ओळ. गालिचा बंद. गार पाणी बंद. टेडी बंद. पळणं बंद. मोठ्याने हसणं बंद. शेवटच्या ओळीपाशी मी थांबले तशी ती म्हणाली, "हसला की खोकला सुरू होतो ना." पान उलटलं तर मागे, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "नवव्या महिन्यापर्यंत ऑफिस."

तिचा खरा प्रश्न त्या कोपऱ्यात होता.

मी तिला आधी दोन शब्द वेगळे करून दिले: कारण आणि निमित्त. दम्याला एकच एक कारण नसतं. घराण्यात दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी असणं, मूल दिवस भरायच्या आधी जन्मणं, पोटात असताना किंवा तान्हेपणी सिगारेटच्या धुराशी संबंध येणं, अगदी लहान वयात विषाणूंमुळे छाती वारंवार भरणं, अशा बऱ्याच गोष्टी मिळून श्वासनळ्या हळव्या होतात. आईने ऑफिसात बसून काम करणं त्यात कुठेच येत नाही. हिला स्वतःला सकाळी उठल्यावर ओळीने दहा-बारा शिंका यायच्या. हे तिनेच सांगितलं आणि लगेच म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच आलं!" मी म्हटलं, "नाकही तुमच्यासारखंच आहे त्याचं. त्याबद्दल कधी माफी मागितलीत का?" मुलगा हसला. हसला आणि खोकला. तिचा हात लगेच त्याच्या पाठीवर गेला.

दम्यात श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते, त्रास नसतो त्या दिवशीही. भाजलेल्या कातडीला साधं पाणीही झोंबतं, तसं या सुजलेल्या नळीला धूळ, धूर, सर्दी, गार हवा, उग्र वास काहीही झोंबतं. ती आवळते, चिकट कफ सुटतो आणि छातीत शिट्टी वाजायला लागते. ही झाली निमित्तं. ती प्रत्येकाची वेगळी. एकाला मांजर चालत नाही, दुसरा मांजर कुशीत घेऊन झोपतो आणि परागकणांच्या दिवसांत हैराण होतो. म्हणून शेजारणीची यादी आपल्या मुलाला लावण्यात अर्थ नसतो. हिची निम्मी यादी उसनीच होती.

घरात आणखी एक मत होतं. सासूबाई म्हणत, "रागावलं की लागतो ह्याला दम. नाटकं सगळी." यातलं पहिलं वाक्य खरं असू शकतं, दुसरं नाही. 1886 साली अमेरिकेतल्या जॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी एका बाईची हकिकत छापली होती. गुलाब जवळ आला की तिला शिंका यायच्या, नाक वाहायचं, छाती दाटायची. डॉक्टरांनी तिच्यासमोर एक गुलाब धरला आणि काही मिनिटांत सगळं सुरू झालं. तो गुलाब बनावट होता. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, बघा, मनाचे खेळ. मला त्यात वेगळंच दिसतं: बाईचं नाक खरोखर वाहत होतं. भीती आणि राग मज्जातंतूंमार्फत श्वासनळीपर्यंत पोचतात, आणि नळी आवळते ती खरीच आवळते. हसण्या-रडण्यात तर तोंडाने भराभर हवा आत जाते, पळताना जाते तशी, गार आणि कोरडी. मूल हसलं की खोकत असेल तर सूज ताब्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते डॉक्टरांना सांगायचं. मुलाचं हसणं बंद करायचं नाही.

पण मनाला दोष देण्याची घाई माझ्याकडूनही झालेली आहे. पूर्वी एक निवृत्त गृहस्थ यायचे; मुलाशी वाद झाला की धाप. मी दोन महिने त्या वादांवर काम केलं. मग त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "डोळ्यांत काही घालता का?" काचबिंदूसाठी बीटा-ब्लॉकर जातीचे थेंब चालू होते. डोळ्यातला थेंब नाकात उतरून रक्तात मिसळतो आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतो. थेंब बदलले, धाप गेली, वाद राहिले. तेव्हापासून कागदावर "ताण" लिहिण्याआधी मी चालू औषधं विचारते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही काही दमेकऱ्यांना झटका येतो.

"बंद"चं पान मी स्टेपल केलं आणि पुढच्या पानावर चार रकाने आखून दिले: किती वाजता त्रास झाला, आधीच्या दोन तासांत काय घडलं, सर्दी होती का, कोणता पंप दिला.

चार आठवड्यांनी वहीत अकरा नोंदी होत्या. पाच एकाच आठवड्यातल्या, सर्दी झाली तेव्हाच्या. मुलांमध्ये हे सगळ्यात नेहमीचं निमित्त. तीन पहाटे तीन-चारच्या. त्या वेळी शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे सूज आवरून धरणारं संप्रेरक, कमी असतं, श्वासनळ्या तशाच थोड्या अरुंद झालेल्या असतात, आणि नाक गादीत असतं. गादीत धुळीतले माइट्स नावाचे बारीक जीव राहतात, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचे. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर ते जगतात, आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. गालिचा गेला होता, पण चादर मात्र थंड पाण्यात धुतली जात होती. माइट्स मरायला साठेक अंश गरम पाणी लागतं.

उरलेल्या तीन संध्याकाळच्या. तिन्हींच्या दुसऱ्या रकान्यात एकच वाक्य: "फरशी पुसली." निदान झाल्यापासून ती दिवसातून दोनदा घरभर ब्लीच फिरवत होती आणि वर सुगंधी स्प्रे मारत होती. त्याच वाफा मुलाला झोंबत होत्या. तिने तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं आणि वही मिटली. बराच वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही.

चौथा रकाना मला जास्त बोलका वाटला. सगळीकडे तात्पुरत्या आरामाचा निळा पंप. रोज घ्यायचा, सूज उतरवणारा पंप? "बरा असतो तेव्हा नाही देत. सवय लागली तर?" या पंपाची सवय लागत नाही. त्यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट नळीत जातं, आणि त्याचा परिणाम दिसायला काही दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून बरं वाटत असतानाच तो चालू ठेवायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची. निळा पंप आठवड्यात दोनदांपेक्षा जास्त लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांना दाखवायचं. मूल एक वाक्य एका दमात बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर निळा पंप देत थेट दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या भेटीला वडील आले. त्यांच्या आधी सिगारेटचा वास आत आला. "गॅलरीत ओढतो, दार लावून," ते न विचारताच म्हणाले. धूर शर्टाला, केसांना, बोटांना चिकटून आत येतो, आणि आल्या आल्या हे मुलाला उचलून घेत. मी वहीची पानं पुन्हा चाळली. गालिच्यापासून हसण्यापर्यंत सगळं होतं, सिगारेट नव्हती. त्या यादीत तिने फक्त स्वतःच्या चुका लिहिल्या होत्या.

"तिने कधी सांगितलंच नाही," वडील म्हणाले.

"दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली.

पुढची पाऊण तासाची बैठक दम्याबद्दल नव्हती, तरी मला तीच सगळ्यात कामाची वाटते. वडील आता दहावरून तीनवर आले आहेत. तीन म्हणजे शून्य नव्हे, हे मी दर वेळी सांगते. त्यांना आवडत नाही. सिगारेट सोडवणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला आहे. सासूबाईंचं मत कायम आहे.

टेडी परत आला. माइट्स मरावेत म्हणून पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये, मग धुऊन, महिन्यातून एकदा. मुलाला हा प्रकार फारच पसंत पडला. "तो बर्फात सहलीला जातो," असं त्याने मला सांगितलं. वही मी आईकडून काढून त्याच्या हाती दिली. मागच्या महिन्यात पाहिली तेव्हा दोन नोंदी होत्या, दोन्ही सर्दीच्या. पुढे चार पानं भरून फुटबॉलचे गोल मांडलेले, कोणी किती मारले त्याचे. आईने ती पानं उलटली, आणि त्याचे स्वतःचे इतके कमी का, असं त्यालाच विचारलं.